दारूच्या घरात वाढलेल्यांचे मोठेपणीचे प्रश्न : वारंवार विचारले जाणारे

हे प्रश्न पत्रांतून, फोनवर आणि कार्यक्रम संपल्यावर जिन्यात गाठून विचारले गेलेले आहेत. विचारणारे तिशीपासून साठीपर्यंतचे. निम्मे जण सुरुवातीला ‘प्रश्न माझा नाही, एका मैत्रिणीचा आहे’ असं सांगतात. बहुतेकांच्या घरी पिणारे वडीलच होते, म्हणून खाली ‘बाबा’ म्हटलंय. तुमच्याकडे आई, आजोबा किंवा थोरला भाऊ असेल तर तसं वाचा. मी स्वतः परळच्या एका चाळीत, अशाच दहा बाय बाराच्या खोलीत वाढलो. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत, ते चालवून घ्या.

१. दारू बाबा प्यायचे, मी नाही. मग त्रास मला का होतो? आणि तोही आता, पंचेचाळिशीत?

आमच्या चाळीच्या लाकडी जिन्याची सातवी पायरी करकरायची. ती कशी करकरली यावरून वडील किती पिऊन आलेत हे मला वयाच्या आठव्या वर्षी कळायचं. एकदाच करकरली की ठीक. करकरून थांबली, पुन्हा करकरली, म्हणजे तोल गेलाय. मग मी वह्या दप्तरात कोंबायचो, आई स्टोव्ह बंद करायची आणि धाकटीला शेजारच्या काकूंकडे पाठवायची. तुमच्याकडे जिना नसेल, स्कूटरचं स्टँड असेल किंवा कडीचा आवाज.

हे शिक्षण वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी चाललं. धोका आला की शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं, छाती धडधडते, कान टवकारतात. साप दिसला तर तो गेल्यावर थोड्या वेळात हे सगळं शांत होतं. पण साप रोज रात्री साडेआठला घरी येत असेल, तर वाढत्या वयातला मेंदू सावध राहण्यालाच नेहमीची स्थिती मानतो. पुढे घर बदलतं, बाबाही राहत नाहीत, पण पहारेकऱ्याला ‘ड्यूटी संपली’ असं कुणी सांगितलेलं नसतं. दचकून जाग येणं, आवाज चढला की पोटात गोळा येणं, खोलीत शिरताच प्रत्येकाचा चेहरा वाचणं, हे त्या पहाऱ्याचंच काम. लहानपणी त्यानं तुम्हाला वाचवलंय, त्याला दोष म्हणू नका.

२. आमच्याकडे मारहाण कधीच झाली नाही. बाबा पिऊन गुपचूप झोपायचे. याला ‘आघात’ म्हणायचं का?

शब्द जड वाटत असेल तर म्हणू नका. पण परिणाम नाकारू नका.

अमेरिकेत सॅन डिएगोला व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर १९८०च्या दशकात लठ्ठपणाचं क्लिनिक चालवत होते. वजन भराभर उतरत असलेले लोकच मध्येच उपचार सोडून जात, हे त्यांच्या लक्षात आलं. कारणं विचारू लागले तर बालपणीच्या गोष्टी बाहेर यायला लागल्या. त्यातून रॉबर्ट अँडा यांच्यासोबत मोठा अभ्यास उभा राहिला. १९९५ ते १९९७ या काळात १७,०००हून अधिक प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं गेलं आणि पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये छापून आले. त्या प्रश्नावलीत मारहाण, लैंगिक अत्याचार यांच्याच रांगेत ‘घरात कुणी दारू किंवा नशेच्या आहारी गेलेलं होतं का’ हा स्वतंत्र प्रश्न होता. चौघांतल्या एकाहून अधिक जणांनी ‘हो’ म्हटलं. म्हणजे गुपचूप झोपणारा बापसुद्धा मोजला गेला. आणि तो झोपल्यावर आई रात्रभर जागी असायची, घरभाडं थकायचं, शाळेच्या सहलीला तुम्ही कधीच गेला नाहीत, हे ‘काहीच झालं नाही’मध्ये कसं बसवायचं?

आपल्याकडे हे विरळा आहे असं कुणाला वाटत असेल, तर केंद्र सरकारनं एम्सकडून करवून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांचं दारू पिणं घातक किंवा व्यसनाच्या पातळीवरचं आहे. त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरी मुलं आहेत.

३. नेटवर ती दहा प्रश्नांची चाचणी सोडवली. माझे सहा गुण आले. माझं आयुष्य कमी होणार का?

नाही. ती चाचणी वरच्या अमेरिकी अभ्यासातूनच निघालेली आहे आणि ती हजारो लोकांचा एकत्र कल दाखवते. बालपणीचे असे चार किंवा अधिक वाईट अनुभव असलेल्या गटात नैराश्य, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण कित्येक पट जास्त आढळलं, हे खरं. पण त्यावरून एकट्या माणसाचं भविष्य सांगता येत नाही, हा आकडा त्यासाठी वापरू नका, असं खुद्द अँडा यांनीच नंतर लिहिलंय. शिवाय त्यात एकदा मारलं आणि दहा वर्षं मारलं याला गुण सारखेच. आणि तुम्हाला पोटाशी धरणारी आजी होती का, हे तर विचारलेलंच नाही.

त्या आजीला फार महत्त्व आहे. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा एमी वर्नर यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, भांडणं, दारू अशा एकाहून अधिक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं धडधाकट मनाची, कामाला आणि मायेला पक्की अशी मोठी झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे भरवशाचं निदान एक मोठं माणूस. आजी, मावशी, शिक्षक, कुणीही.

४. मला वयाच्या दहाव्या वर्षाआधीचं बालपण आठवतच नाही. काही भयंकर घडलं असेल का?

असेलच असं नाही. बालपण फारसं न आठवणं अगदी सर्वसाधारण आहे आणि तणावात वाढलेल्यांच्या आठवणी तुकड्यातुकड्यांनी राहतात. ‘संमोहनानं सगळं बाहेर काढून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. खोदून काढलेली आठवण खरी की सुचवलेली, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. आज त्रास काय होतो, तिथून सुरुवात केली तरी उपचार होतात (प्रश्न १३).

५. धाकटा भाऊ म्हणतो, ‘एवढं काही नव्हतं, ताई उगाच वाढवून सांगते.’ खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. तुम्ही दोघं एका घरात वाढलात, पण एका बालपणात नाही. तुम्ही आठ वर्षांच्या असताना पिणं वाढत होतं, तो आठ वर्षांचा झाला तेव्हा कदाचित बाबांचं लिव्हर बिघडून ते घरी बसले होते. आणि त्याला काही दिसलं नाही, कारण भांडण सुरू झालं की तुम्ही त्याला घेऊन गच्चीवर जात होतात. त्याचं ‘एवढं काही नव्हतं’ हे तुमच्या कामाचं प्रमाणपत्र समजा. थोरल्या बहिणींकडून मला सगळ्यात जास्त पत्रं येतात. पाचवीत पोळ्या, सातवीत बाबांच्या खिशातून पैसे काढून डाळीच्या डब्यात लपवणं, दहावीत आईला धीर देणं. चाळिशीत या बायका सगळ्यांचं सगळं करतात आणि स्वतःला ताप आला तर कुणाला सांगायचं हे त्यांना सुचत नाही.

६. सगळं छान चाललं असलं की मला धास्ती वाटते. सणाला, लग्नाला तर जास्तच. हे काय?

हा प्रश्न मला दरवर्षी आषाढ संपताना येतो. कारण उघड आहे. आपल्या घरांत वाईट दिवस कोणते होते? पगाराचा दिवस, शिमगा, गटारी, दिवाळीचा बोनस, भावकीतली हळद. म्हणजे बाकीच्या चाळीचे चांगले दिवस तेच आपले वाईट दिवस. बोनसच्या दिवशी आई दुपारपासून गिरणीच्या गेटवर उभी राहायची, पाकीट गुत्त्यावर जाण्याआधी हातात यावं म्हणून. १९८२चा गिरणी संप झाला, पगारच थांबला, तेव्हा आमच्या घरात काही महिने विचित्र शांतता होती. पुढे उधारीवर पिणं सुरू झालं, तेव्हा तीही गेली.

तेव्हा मटणाचा वास, नवे कपडे, पाहुण्यांचा गलका आला की तुमचं शरीर ‘आता होणार’ म्हणून तयार होतं. काही जण मग स्वतःच भांडण उकरून काढतात. वाट बघण्यापेक्षा एकदाचं झालेलं बरं! हे तुमच्याकडून होत असेल तर जोडीदाराला शांत दिवशी सांगून ठेवा. सणाच्या दिवशी तासभर बाहेर चक्कर मारायची मुभा मागून घ्या. ‘आनंदी राहायचा प्रयत्न कर’ हा सल्ला मात्र कुणी दिला तर सोडून द्या.

७. साहेब नुसते गप्प असले तरी माझं काय चुकलं ते मी शोधत बसते.

प्रश्न १ मधला पहारेकरीच ऑफिसात येऊन बसलाय. साहेबांची दाढही दुखत असेल. आठवड्यातून एकदा तरी अंदाज बांधण्याऐवजी सरळ विचारा, ‘सर, त्या फाईलचं काही राहिलंय का?’ उत्तर वहीत लिहून ठेवा. दोन महिन्यांनी वही उघडून अंदाज किती वेळा खरा ठरला ते मोजा.

८. मी दारूला शिवत नाही. पण मुलावर ओरडतो तेव्हा माझ्या तोंडून बाबांचाच आवाज येतो.

येणारच. चिडायचं कसं, हे आपल्याला दुसऱ्या कुणी दाखवलंच नाही. आवाज चढणं एका दिवसात थांबणार नाही. पण आमच्या घरांत आणखी एक गोष्ट होती, ती तुम्ही आजपासून बदलू शकता. ती म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळ. रात्री ताटं भिरकावली गेलेली असायची आणि सकाळी सगळे चहात पाव बुडवून खात असायचे, जणू काही झालंच नाही. भिंतीवर आमटीचा डाग असायचा आणि त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. मुलाला मारापेक्षा हे गोंधळात टाकतं, कारण जे डोळ्यांनी पाहिलं ते खरं की खोटं, हेच त्याला कळेनासं होतं.

तेव्हा ओरडलात, तर तासाभरात मुलाजवळ जाऊन बसा. ‘मघाशी मी ओरडलो. ते चुकलं. तुझ्यामुळे नाही, मी थकलो होतो.’ एवढंच. ‘पण तूही जरा…’ हे शेपूट जोडू नका. हात उचलला जात असेल तर मात्र तेवढ्यानं भागणार नाही, प्रश्न १३ कडे जा.

९. व्यसन रक्तात असतं का? मलाही लागेल?

धोका जास्त आहे, ठरलेलं काही नाही. १९७०च्या दशकात डोनाल्ड गुडविन यांनी डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलग्यांचा अभ्यास केला. जन्मदाते व्यसनी असलेल्यांत, ते वेगळ्या घरात वाढूनही, व्यसनाचं प्रमाण इतरांच्या जवळपास चौपट निघालं. पण त्यांच्यातही बहुसंख्यांना व्यसन लागलं नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा धरतात.

एक खूण लक्षात ठेवा. ‘मला चार पेग झाले तरी चढत नाही’ हे आपल्याकडे मिशीवर ताव मारून सांगतात. व्यसनी बापाच्या मुलात ही गोष्ट दिसली तर ती धोक्याची घंटा आहे. कमी चढतं म्हणून जास्त प्यायलं जातं. माझं मत विचाराल तर अशा घरातल्यानं पहिला पेग न घेतलेलाच बरा. मी घेतला नाही. मित्रांनी वीस वर्षं टिंगल केली, आता तेच गाडी चालवायला मला बोलावतात.

१०. नवराही पिणाराच निघाला. मी नकळत तसाच निवडला का?

तुमचं लग्न मामांनी ठरवलं असेल तर निवडीचा दोष तुमच्याकडे कसा? जिथं निवड स्वतःची असते तिथंही ओळखीचं वागणं आपल्याला कमी खटकतं, एवढंच म्हणता येईल. जी गोष्ट मैत्रिणीला पहिल्याच भेटीत खुपते, ती आपल्याला ‘पुरुष असेच असतात’ वाटते.

११. स्थळ बघताना हे सांगावं का?

सांगावं, पण पोह्यांच्या कार्यक्रमात सगळ्यांपुढं नाही. होकाराच्या दिशेनं जातंय असं वाटलं की साखरपुड्याआधी त्या एकट्या माणसाला तुमच्या तोंडून. गावातल्या काकांकडून कळण्यापेक्षा ते बरं. ऐकून तो माणूस काय विचारतो याकडे लक्ष द्या. ‘तुला त्रास झाला का?’ आणि ‘आमच्या घरात असलं काही चालणार नाही’ या दोन उत्तरांत पुढच्या संसाराचा बराच अंदाज येतो.

१२. बाबांपेक्षा मला आईचाच राग जास्त येतो. मी कृतघ्न आहे का?

हा प्रश्न सगळ्यात हळू आवाजात विचारला जातो. बाबांकडून अपेक्षाच उरलेली नसते. आई शुद्धीवर होती. तिनं उचलून नेलं असतं तर… हा ‘तर’ पोटात असतो. शिवाय मोठेपणी मुलींना कळतं की, ‘तुमच्यासाठीच राहिले मी’ या वाक्यानं सगळं ओझं आपल्याच डोक्यावर आलंय.

राग खरा आहे, त्याला जागा द्या. सोबत हेही बघा की कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा ऑक्टोबर २००६ मध्ये लागू झाला. त्याआधी नवऱ्याच्या घरातच राहण्याचा हक्क मागायला बायकांना असा सोपा कायदा नव्हता. माहेरी परत गेलेल्या बाईला भाऊ चार दिवसांनी बस स्टँडवर सोडून यायचे. ती का राहिली, हे समजल्यानं राग जाईलच असं नाही. माझा पूर्ण गेलेला नाही. पण तिच्यापुढं बसून चहा पिता येतो.

१३. मदत घ्यायची ठरवली. नेमकं कुणाकडे जाऊ?

झोप उडाली आहे, जीव नकोसा वाटतो, छातीत धडधडून घाम फुटतो, पिणं वाढलंय, असं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे औषधं देऊ शकणारे डॉक्टर. जिल्हा रुग्णालयात हा विभाग असतो. बाकी बोलून करायच्या उपचारांसाठी मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशक. पहिल्या भेटीत सरळ विचारा, ‘बालपणीच्या आघातावर काम केलंय का, कोणत्या पद्धतीनं?’ आघात-केंद्रित वर्तनोपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं त्रासदायक आठवणींवर काम करणं) या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं केली आहे. कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती ‘सगळ्यांना सांभाळणं माझंच काम’ असल्या हट्टी समजुतींवर चांगली चालते, हा माझा अनुभव. पहिल्याच भेटीत ‘वडिलांना माफ करा आणि पुढं चला’ म्हणणारा भेटला तर दुसरा शोधा.

व्यसनी माणसाच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉनचे गट चालतात आणि तिथं पैसे लागत नाहीत. रात्री-बेरात्री बोलायचं असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर हे पान इथंच थांबवून तो लावा. विमा असेल तर हेही माहीत असू द्या की २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांसारखीच तरतूद ठेवायला सांगितलंय.

१४. बाबांनी दहा वर्षांपूर्वी दारू सोडली. आता स्टेजवर अनुभव सांगतात, टाळ्या पडतात. मला चीड येते. मी वाईट मुलगी आहे का?

नाही. त्यांच्या अनुभवकथनात तुमचं बालपण दोन वाक्यांत उरकतं आणि तुम्ही पहिल्या रांगेत हसऱ्या चेहऱ्यानं बसायचं असतं. ज्या माणसाला सगळे आता ओळखतात तो चांगला आहे, पण तुम्हाला वाढवलं ते दुसऱ्यानं. त्याच्या वागण्याची माफी अजून कुणी मागितलेली नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांतली नववी पायरी ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करण्याची आहे, आणि त्यातून त्यांना आणखी इजा होणार असेल तर करू नका असंही त्यातच म्हटलंय. म्हणजे ते बोलायला आले तरी ‘आत्ता नको’ म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे. कार्यक्रमाला न जाण्याचाही.

१५. ज्यांनी आम्हाला आयुष्यभर मारलं, त्या बापाला कायद्यानं पोसावं लागतं का?

कटू आहे, पण ऐका. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या २००७च्या कायद्यानुसार, स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर भागवू न शकणारे आईवडील न्यायाधिकरणाकडे निर्वाह भत्ता मागू शकतात. मुलग्याकडे आणि मुलीकडेही. मूळ कायद्यात कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. ‘वाईट बाप’ असा अपवाद त्यात लिहिलेला नाही. तुमची ऐपत आणि बाजू सुनावणीत मांडता येते, त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्या. पण कायदा पैसे मागतो, एकत्र राहणं किंवा रोज फोन करणं नाही. कित्येकांना दरमहा पैसे पाठवून अंतर ठेवणं जमतं, आणि ते अगदी सभ्य आहे.

कर्जाबद्दल : त्यांनी केलेली उधारी केवळ मुलगा म्हणून तुमच्या डोक्यावर येत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनं, त्यानंतरच्या कर्जांसाठी, ती जुनी ‘पितृऋणा’ची जबाबदारी संपवली. वारशात काही मिळालं असेल तर कर्ज तेवढ्यापुरतं.

१६. बाबा अजून पितात. ‘न कळत दारू सोडवा’ची पावडर आमटीत घालू का?

नको. अशा पावडरीत काय असतं ते तुम्हाला ठाऊक नसतं, आणि डायसल्फिरामसारखं दारू सोडवण्यासाठीचं औषध नकळत पोटात असताना माणूस प्यायला तर जीवावर बेतू शकतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात घरच्या घरी बंद करणंही धोक्याचं आहे, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

१७. बाबा गेले. मला रडू आलं नाही. दहाव्याला कावळा शिवेना, तर काका म्हणाले, ‘तू माफ केलं म्हण, मग शिवेल.’ मी म्हटलं नाही. तेव्हापासून झोप नाही.

कावळ्यावर तुमची जबाबदारी नाही. सकाळी अकराला घाटावर पाच पिंडं मांडलेली असतात, पोट भरलेला कावळा सहाव्याकडे कशाला येईल? आमच्याकडेही तास-सव्वा तास वाट बघितली. आत्या म्हणाली, ‘बोल काहीतरी.’ मी गप्प राहिलो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे जेवायला गेले.

रडू तिथंच यावं असं कुठं आहे? मला दीड वर्षानं आलं, चाळ पाडत होते तेव्हा, जिन्याच्या फळ्या टेम्पोत भरताना बघून. काहींना कधीच येत नाही. काहींना सुटल्यासारखं वाटतं आणि त्याचीच लाज वाटते. यातलं काहीही झालं तरी तुमच्यात बिघाड नाही. पण झोप दोन-तीन आठवडे अशीच उडालेली असेल तर प्रश्न १३ मधल्या डॉक्टरांकडे जा. काकांना काय सांगायचं ते नंतर बघू.